खांबामागची खुर्ची

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असे मला बजावले होते. कारण साधे होते. गावाला कळले, तर पुढच्या कार्यक्रमाला सगळेच मधल्या रांगेसाठी भांडतील. पण त्याला आता बरेच दिवस झाले, आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका लहानशा गावात एक वृद्ध गुरुजी राहत होते. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आता गावच्या वाचनालयाचे काम पाहत. त्यांचा एक शिष्य होता, हेरंब. तो मोबाइल दुरुस्त करी आणि उरलेल्या वेळात विज्ञानकथांवर चित्रपट काढी.

त्याचा पहिला चित्रपट होता ‘मंगळाचा पाटकरी’. पाटाचे पाणी शेतोशेती सोडणारा एक माणूस मंगळावर जातो, तिथे पाट खणतो, आणि बारा वर्षांनी घरी परत येतो, अशी ती कथा. गावाबाहेरची तांबड्या मुरमाची खाण म्हणजे मंगळ. पाण्याची काळी टाकी म्हणजे यान. पाटकऱ्याच्या पाठीवर औषध फवारायचा पंप होता आणि तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा. शेवटी बायको दार उघडते आणि म्हणते, “पाय धुऊन या.” तिथे सगळे गाव रडले होते.

त्यानंतर जो भेटेल तो हेरंबाला म्हणू लागला, “दुसरा भाग कधी?” हेरंबाने दोन वर्षे खपून दुसरा भाग काढला. तो जिल्ह्याच्या विज्ञान मेळाव्यात दाखवला जाणार होता. बुधवारपर्यंत तिकडे पोचवायचा होता. त्याआधी शनिवारी, भर मे महिन्यात, वाचनालयाच्या सभागृहात गावासाठी खेळ ठेवला, आणि दाराशी अभिप्राय वही ठेवली. अनुक्रमांक, नाव, अभिप्राय, सही, असे चार रकाने आखून.

रविवारी सकाळी हेरंब ती वही घेऊन गुरुजींकडे आला. त्याचे डोळे सुजले होते.

“पुसून टाकतो मी तो चित्रपट,” तो म्हणाला. “मेळाव्याला कळवा, येत नाही म्हणून.”

“चहा घे आधी.”

“चहा नको, गुरुजी. एक्केचाळीस लोकांनी लिहिलंय. सतरा जणांनी तर एकच वाक्य लिहिलंय, पहिल्याची सर नाही. एकानं लिहिलं, खाली दुसऱ्यानं लिहिलं ‘वरीलप्रमाणे’, आणि मग खालपर्यंत नुसती वरीलप्रमाणेची रांग लागली आहे.”

“रसाळ शेटनी काय लिहिलंय?” गुरुजींनी विचारले. रसाळ शेट हे गावातले धान्याचे व्यापारी.

हेरंबाने वाचले. “मंगळावर हवा इतकी विरळ, मग यान एवढं का ओरडतं? कान किटले.”

“आणि तलाठी भाऊसाहेब?”

“ते निवृत्त झाले तरी अजून पंचनामाच करतात. ‘खलनायक शेवटपर्यंत एकदाही दिसत नाही. दिग्दर्शकाने अर्धी गोष्ट लपवून ठेवली आहे.’ गुरुजी, माझा मावसा पंधरा मिनिटं पडद्यावर उभा आहे. शिंगं लावून.”

“कौतुक कुणीच केलं नाही का?”

हेरंबाचा चेहरा किंचित उजळला. “इंदूआजींनी केलंय. ‘फार वर्षांनी असा चित्रपट पाहिला. मन शांत झालं.’ त्यांना एकट्यांना कळला बघा. एवढं एकच पान फाडून जवळ ठेवणार आहे.”

गुरुजींनी चष्मा पुसला, वही काखेत घेतली आणि सभागृहाची किल्ली उचलली. “चल,” ते म्हणाले. “चित्रपट बरोबर घे.”

सभागृह रिकामे होते. गुरुजींनी खिडक्या लावल्या, पडदा सोडला आणि शिष्याला चित्रपट सुरू करायला सांगितले. मग म्हणाले, “भाऊसाहेबांच्या खुर्चीवर जाऊन बस.”

हेरंबाला काही कळेना. पण आपल्या गावात कुणाची खुर्ची कुठली, हे त्याला शोधावे लागले नाही. या सभागृहात वर्षानुवर्षे व्याख्यानमाला चालते. जो तो आपल्या ठरलेल्या खुर्चीवर बसतो. काहींनी तर घरून आणलेली उशी तिथेच ठेवली आहे. ठरलेली जागा नसते ती फक्त शाळकरी मुलांना. भाऊसाहेबांची खुर्ची सभागृहाच्या मधल्या खांबामागे. व्याख्यान असले की तिथे डुलकी घेता येते, म्हणून त्यांनी ती निवडली होती.

हेरंब बसला. पडद्याची डावी बाजू खांबाने पूर्ण झाकली होती. आणि त्याचा मावसा सारा वेळ डाव्याच बाजूला उभा होता, कारण चित्रीकरणाच्या दिवशी खाणीत उजवीकडे एक ट्रक बंद पडला होता. खांबाच्या कडेने एकदाच एक शिंग पुढे आले आणि परत गेले.

“दिसला का मावसा?” गुरुजींनी विचारले.

“नाही.”

“आता शेटच्या खुर्चीवर.”

शेटची खुर्ची ध्वनिवर्धकाच्या अगदी पुढ्यात होती. यान उडाले तसा हेरंब दोन्ही कानांवर हात ठेवून उठला.

मग तो मुख्याध्यापिकाबाईंच्या खुर्चीवर बसला. त्यांनी लिहिले होते, ‘पूर्वार्ध उत्कंठावर्धक, उत्तरार्धात ओढ राहत नाही.’ त्यांची खुर्ची चहाच्या खोलीच्या दाराला लागून. मध्यंतराच्या चहासाठी आत आल्याचा तुकडा ठेचत होते, तोवर त्यांची उत्कंठा टिकली होती. चहा पिऊन झाला आणि ओढ संपली.

हेरंबाला आता हसू येऊ लागले होते. “आणि ते सतरा जण?” त्याने विचारले. “त्यांच्या सतरा खुर्च्या कुठे शोधायच्या?”

“पहिला भाग कधी दाखवला होतास?”

“कोजागरीला. गच्चीवर.”

“काय दिलं होतं?”

“मसाला दूध.”

“आणि काल?”

काल बंद खोलीत बिनदुधाचा चहा दिला होता, तोही अर्धा कप.

“बरं,” तो उठत म्हणाला, “म्हणजे चित्रपट चांगला आहे. मी उगाच मनाला लावून घेतलं. मी निघतो.”

“थांब. इंदूआजींची खुर्ची राहिली.”

“त्या तर चांगलं बोलल्या आहेत, गुरुजी. तिथे कशाला?”

“बस की. दोन मिनिटं.”

हेरंब नाइलाजाने इंदूआजींच्या खुर्चीवर बसला. वर पंखा फिरत होता. सभागृहात चार पंखे आहेत, आणि त्यांतला एवढा एकच चालतो. डोक्यावर गार वारा आला, मानेवरचा घाम वाळला, आणि हेरंबाचे मन शांत झाले. त्याने डोळे मिटून घेतले. पुढची दोन मिनिटे पडद्यावर काय घडले, ते त्यानेही पाहिले नाही.

डोळे उघडल्यावर त्याने गुरुजींच्या हातातली उघडी वही घेतली आणि मिटू लागला.

“सत्ताविसावा अभिप्राय राहिला,” गुरुजी म्हणाले.

“त्याला नाव नाही, सही नाही. नाव लिहायची हिंमत नाही, त्याचं काय मनावर घ्यायचं?”

“वाच तर खरं.”

हेरंबाने ते सकाळपासून तीनदा वाचले होते आणि तिन्ही वेळा घाईने पान उलटले होते. आता त्याने मोठ्याने वाचले. “तो बारा वर्षांनी घरी आला होता. मग लगेच परत का गेला?”

“याची खुर्ची कुठली?”

“कशी कळणार? नावच नाही.”

“मग सगळ्याच बघू.”

गुरुजींनी चित्रपट पहिल्यापासून लावला. पाटकरी अंगणात उभा राहतो, आकाशाकडे पाहतो, पंप पाठीला लावतो आणि टाकीत चढतो, एवढाच प्रसंग. हेरंबाने तो खांबामागून पाहिला. टाकी उजवीकडे होती, त्यामुळे भाऊसाहेबांनाही ती दिसली असणार. ध्वनिवर्धकापुढून पाहिला, मग आवाज बंद करून पाहिला. चहाच्या दारातून पाहिला. पंख्याखाली बसून, डोळे उघडे ठेवून पाहिला. पहिल्या रांगेतून, शेवटच्या रांगेतून, उभ्याने, सतरंजीवर मांडी घालून. अकराव्या खुर्चीपर्यंत तो मोजत होता. त्यानंतर त्याने मोजणे सोडले.

शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, तो का गेला, ते मलाही माहीत नाही. लोक म्हणाले, दुसरा भाग काढ. तो घरी बसून राहिला असता, तर दुसरा भाग निघाला कसा असता? म्हणून पाठवला.”

गुरुजी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

“खोटं कुणीच लिहिलं नाही, हेरंब. भाऊसाहेबांना खलनायक दिसला नाही, हे खरंच आहे. पण ते खांबाविषयी आहे. शेटचं ध्वनिवर्धकाविषयी आहे आणि आजींचं पंख्याविषयी. अशा माणसावर रागवू नये आणि त्याच्यावर भाळूही नये. त्याच्या खुर्चीवर जाऊन बसावं, म्हणजे त्याला काय दिसलं ते कळतं. आणि सगळ्या खुर्च्या फिरून आल्यावरही जे एखादं मत तसंच उरतं, ते तुझ्या कामाविषयी असतं. ते एकच असतं बहुधा. आणि नेमकं तेच पान आपण घाईनं उलटतो.”

हेरंबाने चित्रपट पुसला नाही. त्याने फक्त एक प्रसंग वाढवला, अर्ध्या मिनिटाचा. पाटकरी जेवायला बसला आहे. पहिला घास हातात आहे. तो थांबतो.

“काय झालं?” बायको विचारते.

“तिकडं पाटाचं दार लावायचं राहिलं.”

“बारा वर्षांनी आठवलं?” ती म्हणते. मग उठते आणि फडक्यात चार भाकरी बांधते.

मंगळवारी पुन्हा खेळ झाला. त्याआधी गुरुजींनी पडदा आणि ध्वनिवर्धक मागच्या भिंतीकडे हलवले. लोकांनी आपापल्या खुर्च्या जागच्या जागी फिरवल्या आणि बसले. वहीत नवे अभिप्राय पडले. रसाळ शेटनी लिहिले, ‘आवाज कमी केला. सूचनेची दखल घेतल्याबद्दल आभार.’ भाऊसाहेबांनी लिहिले, ‘खलनायक नव्याने घातला, हे उत्तम केले. शिंगे शोभतात.’ पूर्वी खांबाच्या पुढे बसलेले आणि आता मागे गेलेले पोस्टमास्तर मात्र नाराज होते. ‘शनिवारी खलनायक होता. तो का काढला?’ इंदूआजींनी लिहिले, ‘मन शांत झालं.’ पंखा जागचा हलला नव्हता.

हेरंबाने ही सगळी पाने हसत वाचली आणि कुणालाही काही समजावून सांगायला गेला नाही. पण एका ओळीपाशी तो थांबला. तिला याही वेळी नाव नव्हते. ‘आता कळलं,’ एवढेच लिहिले होते.

“हे कोण, गुरुजी?” त्याने विचारले. “तुम्हाला अक्षर ओळखू येत असेल.”

“येतं,” गुरुजी म्हणाले, आणि वही कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावले.

तेव्हा कुणी काही मत दिले, तर आधी त्याची खुर्ची पाहून यावी. आणि आपल्यालाच मत द्यायचे असेल, तर लिहिण्यापूर्वी एकदा जागेवरून उठावे. मी त्या शनिवारी तीनदा जागा बदलली होती, आधी खांबामागे, मग खिडकीपाशी, आणि मग कुणाचे लक्ष नाही असे पाहून गुरुजींच्या

आई हाक मारते आहे. दुधाकडे बघ म्हणाली होती, आणि गॅस बंद करायचा