टिकूचा पिवळा कण

एक होती मुंगी. नाव टिकू. अंगानं तिळाएवढी, पण व्यवहाराला पक्की.

टिकूला सापडला बलकाचा कण. पिवळा पिवळा, भुसभुशीत. तिनं तो डोक्यावर घेतला. निघाली तुरुतुरु, तुरुतुरु.

वरचा पंखा फिरला. फुर्र! कण उडाला, मोरीत पडला, वाहून गेला.

रडून काही कण परत येत नाही. बलक असतो अंड्यात. तर जावं अंड्याकडे.

ओट्यावर पातेलं. पातेल्यात चार अंडी, नुकती उकडलेली.

"अंडेदादा, अंडेदादा, बलकाचा कण दे."

"कसा देऊ बाई? अंग तापलंय. गार पाणी येईल, तेव्हाच टरफल सुटेल."

टिकू गेली माठाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाणीताई, पाणीताई, पातेल्यात ये. टरफल सुटेना, कण मिळेना."

"मला कुठे पाय आहेत? शेवंतामावशी उठेल, तेव्हाच येईन."

मावशी बसली होती पाळण्याशी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, मावशी, ऊठ ना. पाणी येईना, टरफल सुटेना, कण मिळेना."

"उठते की गं. पण झोका थांबला की हा भोकाड पसरतो. बाळ झोपेल, तेव्हाच उठेन."

टिकू चढली पाळण्यावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाळोबा, बाळोबा, झोप ना. मावशी उठेना, पाणी येईना, टरफल सुटेना, कण मिळेना."

"माऊ पायाशी झोपेल, तेव्हाच झोपेन."

माऊ खिडकीत. कान खाजवतेय, खरखर, खरखर.

"माऊताई, माऊताई, झोप ना. बाळ झोपेना, मावशी उठेना, पाणी येईना, टरफल सुटेना, कण मिळेना."

"झोपू कशी? खाज आत, पंजा बाहेर. खाज जाईल, तेव्हाच झोपेन."

आता कुणाकडे जायचं? टिकूनं माऊच्या कानात डोकावलं. वाट एवढीशी. टिकूही एवढीशी.

"मी खाजवते. कान हलवू नकोस."

"आणि तू चावलीस तर?"

"चावले तर तू झोपशील का? मग माझा कण कुठला?"

माऊला पटलं. टिकू शिरली कानात. कुरुकुरु, कुरुकुरु.

खाज गेली, माऊ बाळाच्या पायाशी झोपली.
माऊ झोपली, बाळ झोपलं.
बाळ झोपलं, मावशी उठली.
मावशी उठली, पाणी आलं. बुडुक बुडुक.
पाणी आलं, अंडी निवली. टकटक, टरफल सुटलं.

मावशीनं एकच अंडं सोललं. बाकीची तीन पुसली, टरफलासकट डब्यात ठेवली, डबा फ्रीजमध्ये. सोलून ठेवलेलं अंडं सुकतं, हे तिला माहीत होतं.

"घे गं टिकू, तुझा कण."

"एक नाही मावशी, दोन."

"दोन कसे?"

"एक माझा. एक बाळाला झोपवल्याचा."

मावशी हसली. "बरी आहेस की." तिनं दुसरा कण ठेवला.

टिकूनं दोन फेऱ्या केल्या. तुरुतुरु, तुरुतुरु.

कण पोचले बिळात, गोष्ट पोचली कानात.