टोकाचं पान

"मग शंभर वर्षांनी बुडणाऱ्या घराची आजची किंमत किती, शार्दूल?"

"जवळजवळ शून्यच, बुवा." शार्दूल आनंदाने म्हणाला.

तो अर्थशास्त्राचा प्राध्यापक, खाडीकाठच्या मठात भास्करबुवांच्या पायाशी वाढलेला. समुद्र चढत चालला होता. खाडीचा बांध उंच करायचा की नाही, हे त्याच्या अंदाजावरून आज दुपारी ठरणार होतं. काम फत्ते झाल्याच्या तोऱ्यात तो बोलतच होता.

"नुकसान जितकं लांबचं, तितकी त्याची आजची किंमत कमी. जग असंच मोजतं."

"आणि बांध?"

"तो महाग पडतो. नकोच, असं निघतं."

बुवा हसले. "चल, पानं मांडलीत."

द्वादशी होती. निर्जळी एकादशी करणाऱ्यालाच पारण्याच्या गरम भाताचा वास खरा कळतो. बोलण्याच्या नादात शार्दूलला टोकाचं पान मिळालं.

आज बुवांनी स्वतः भात वाढायला डाव हाती घेतला.

पहिल्या पानावर भरघोस मूद. दुसऱ्यावर अर्धी. पुढे घासभर, मग चिमूटभर...

शार्दूलच्या पानावर एक शीत.

"अहो बुवा, पातेलं तर भरलेलं आहे की," मठात रोज वाढणाऱ्या जानकीकाकू पदराआड हसल्या. "की प्राध्यापकांना एवढंच पचतं?"

"बुवा, उपास माझाही होता," शार्दूल म्हणाला.

"होता ना. पण तू बसलास लांब. इथून तुझी भूक एवढीशीच दिसते."

शार्दूल हसायला गेला...

हसू ओठांवरच राहिलं. तो त्या शिताकडे बघत राहिला.

"बुवा..." तो ताडकन उठला. "शंभर वर्षांनी जे इथे असतील, त्यांचीही भूक पुरती धरली, तर हिशोबच उलटतो. बांधच स्वस्त पडतो. दुपारपर्यंत पुन्हा मांडतो मी. होईल. नक्की होईल."

बुवांनी डाव त्याच्या हातात दिला.

"आधी वाढ."

"कुठून सुरू करू?"

"टोकाकडून."

"टोकाला तर मीच होतो." शार्दूलने आपल्या पानापलीकडे पाहिलं. सारवलेली मोकळी जमीन, पुढे खाडी. "तिकडे कुणीच नाही, बुवा."

बुवांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. वाफ वर आली.

"बसा म्हण त्यांना. भात निवतोय."