चुली विझवणारं गाव

फार फार पूर्वी, लोक राजांची नावं विसरत पण विहिरींची नावं लक्षात ठेवत, त्या काळातली ही गोष्ट. एका उंच घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. जमीन बरी, पाणी गोड, माणसं मात्र भलतीच हळवी. चार गावं सोडून कुणाचा बैल मेला तरी इथल्या बायकांच्या घशाखाली घास उतरत नसे. आजूबाजूचे लोक त्यांना हसत. पण स्वतःवर वेळ आली की पहिली धाव याच गावाकडे घेत.

या गावात एक रीत होती, आणि ती तुमच्याआमच्याकडेही आहे. ज्या घरी मयत होई, त्या घरची चूल पेटत नसे. शेजारपाजारच्या बाया पिठलं-भाकरी करून आणत आणि त्या घरच्यांना बळेबळे दोन घास खायला लावत. ही रीत नीट ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ हिच्यातच झाला.

गाव हळवं, तर गावचा पाटील गावाहून हळवा. मिशा अशा की लहान पोरांनी बघून पळावं, आणि मन असं की वासराला गाईपासून तोडताना यानंच डोळे पुसावेत. त्याची एकुलती एक लेक साळू तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगी झाली. पाटलानं घरोघर गूळ वाटला, आणि चार दिवस त्याच्या मिशा खाली आल्या नाहीत.

त्याच सुमारास घाटापलीकडे, खूप लांब, दोन राजांचं युद्ध पेटलं. कशावरून ते मला विचारू नका, त्या राजांनाही धड सांगता आलं नसतं. मिठाचे बैल घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यांनी पहिली बातमी आणली. एक अख्खं गाव जाळलं होतं. माणसं पेरणीला गेली होती, परत आली तेव्हा घरं नव्हती.

पारावर सगळं गाव जमलं. मग पाटील उठला. म्हणाला, "ती काय परकी माणसं हायेत? त्यांच्या घरचं मयत ते आपल्या घरचं मयत. आज गावात चूल पेटायची न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळी घरोघरच्या बायांनी चुलीवर पाणी ओतलं. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी गावाला थोडं बरंही वाटलं. इतक्या लांबच्या दुःखासाठी आपण काहीतरी केलं, असं वाटलं.

एक दिवसापुरतं ते ठीक होतं. पण युद्ध एका दिवसाचं नसतं. दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी आली, ती पहिलीहून वाईट. चूल पेटली नाही. तिसरी आली. पुढे पुढे तर येईल त्या बातमीवर गावाचं भागेना. त्यांनी घाटाच्या वळणावर दोन धट्टेकट्टे गडी बसवले. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचं, विचारायचं आणि पळत खाली यायचं, एवढंच त्यांचं काम. सकाळी बातमी, दुपारी बातमी, दिवेलागणीला बातमी. नवी नसली तर कालचीच पुन्हा सांगत, आणि ती सांगता सांगता जराशी वाढत असे.

गावकरी भिजवलेले हरभरे खाऊ लागले. पोहे, गूळ, काकडी, निरसं दूध. अंगातलं बळ गेलं तसं शेतात तण कमरेएवढं झालं. कुंभाराचं चाक थांबलं. ठरलेलं लग्न लांबलं. कुणी चुकून हसलंच तर दहा माणसं वळून बघत, आणि तो बिचारा खोकल्याचं सोंग करी.

पूर्वी एखादीची चूल विझली तर ती खापरी घेऊन शेजारणीकडे विस्तव मागायला जायची. आता शेजारणीकडेही राखच होती. गावातली सगळीच घरं दुःखाची झाली होती, त्यामुळे शेजारी असं कुणी उरलंच नव्हतं.

त्यांचं दुःख खोटं होतं, असं मात्र म्हणू नका. मला त्या माणसांचा राग येत नाही, मायाच येते. ती मनापासून रडत होती. पण त्या रडण्यानं घाटापलीकडच्या एकाही पोराचं पोट भरत नव्हतं, आणि अलीकडची पोरं उपाशी राहायला लागली होती.

सगळ्यात जास्त झळ लागली ती साळूला. ओल्या बाळंतिणीला ऊन ऊन पेज हवी, तूप-भाकरी हवी, अंघोळीला कढत पाणी हवं. यातलं काहीच मिळेना. तिचं दूध आटत चाललं. बाळ आधी कडकडून रडायचं, मग किरकिरायला लागलं, मग नुसतंच तोंड उघडायचं. पाटलीण नवऱ्यापुढे हात जोडून म्हणाली, एवढी एक चूल पेटवू द्या.

पाटलाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तिकडे कितीतरी बाळं उपाशी मेली, आणि आपण आपल्याच बाळापुरतं गरम शिजवायचं का, असं तो विचारत राहिला. पाटलीण पदरानं डोळे पुसत आत गेली. खुद्द साळूनंही हट्ट धरला नाही. तिनं पारावरच्या बातम्या खिडकीतून ऐकल्या होत्या. समोर पेज आली असती तरी ती आपल्याला गिळवली असती की नाही, हे तिचं तिला सांगता येत नव्हतं. ती बाळाला छातीशी धरून बसून राहिली.

आणि एका दुपारी, बातमीवाल्या गड्यांची नजर चुकवून, शेळ्यांच्या पायवाटेनं एक म्हातारी गावात उतरली. पायाला फडकी गुंडाळलेली, लुगडं धुळीनं माखलेलं, आणि पोटाशी लेकरू धरावं तसं धरलेलं एक काळं मडकं. ती पाराशी थांबली. पाणी मागितलं नाही, भाकरी मागितली नाही. म्हणाली, "एक सुकी गोवरी द्या बाबांनो."

लोक चक्रावले. कुणीतरी गोवरी आणून दिली. म्हातारीनं ती मोडून मडक्यात घातली, वाकून फुंकर मारली, आणि मडक्यातून धुराची एक बारीक रेघ वर आली. आत विस्तव होता.

धूर नसलेल्या घरांकडे बघत म्हातारीनं विचारलं, "कोण गेलं गावात? कुणाचं सुतक धरलंय?"

पाटील पुढे झाला. घाटापलीकडे युद्ध पेटलंय, तिथली गावंच्या गावं गेली, त्या लोकांसाठी आम्ही चुली विझवल्या आहेत, असं त्यानं सांगितलं.

म्हातारीनं मडकं पोटाशी घट्ट धरलं. मग म्हणाली, "ते लोक म्हंजी आम्हीच की. आमच्यातले गेले ते गेले. पर आम्ही जिवंत हाय बाबा. आम्ही भुकेले हाय."



म्हातारीनं वर डोंगराकडे बोट केलं. शिपायांच्या भीतीनं मोठी वाट सोडून, जंगलातून चालत त्यांची सारी वस्ती घाटमाथ्यापर्यंत आली होती. पोरं होती, आजारी माणसं होती. पण खाली उतरायला कुणी धजेना. "वरून बघतोय तर एका घरातनं धूर न्हाई," ती म्हणाली. "आमच्या मुलखात ज्या गावातनं धूर येत न्हाई, ते मेलेलं गाव असतंय. उद्या सकाळी माघारी फिरायचं ठरवलंय त्यांनी. माझा विस्तव विझाय लागला, म्हणून मी तेवढी उतरले. घर जळालं तवा मी चुलीतला हा येवढा निखारा काढून घेतला. वाटभर जपलाय. जिथं बसू, तिथं चूल तर पेटली पायजे."

तेवढ्यात पाटलाच्या दारातून साळू बाहेर आली. बाळंतीण बाई, भिंतीला धरून चालत होती, छातीशी बाळ. बापासमोर येऊन उभी राहिली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"आबा, मयत ह्यांच्या घरी झालंय. मग आपण कोण? आपण शेजारी. शेजारी कधी आपली चूल विझवतात का?"

पाटलानं लेकीकडे, मग म्हातारीकडे, मग त्या मडक्याकडे पाहिलं. ज्यांच्यासाठी आपण विस्तव विझवला, त्यांनी तो जळत्या घरातून वाचवून आपल्या दारात आणलाय, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला लाज वाटली, आणि भल्या माणसाला लाज वाटली की तो जे करतो तेच त्यानं केलं. बोलत बसला नाही. स्वतः गोठ्यामागे गेला, कवेत मावतील तेवढ्या गोवऱ्या घेऊन आला, म्हातारीला घरात नेलं, चुलीपुढे गुडघे टेकले आणि म्हातारीपुढे खापरी धरली. "आई," तो म्हणाला, "आमच्या गावाला विस्तव दे."

त्यानं गाल फुगवून फुंकर मारली. मिशांत राख गेली. धुरानं डोळ्यांतून पाणी आलं, आणि बऱ्याच दिवसांनी ते पाणी नुसतं धुराचंच होतं.

मग काय विचारता. पाटलाच्या चुलीवरून शेजारच्या चुलीत, तिथून पुढच्या आळीत, खापऱ्या घेतलेल्या बाया धावू लागल्या. जातं घरघरलं. भाकऱ्या थापल्याचा आवाज घराघरांतून येऊ लागला. कौलांतून, कुडांतून, छपरांतून धूर निघाला, आणि सगळा मिळून डोंगराच्या निम्म्यापर्यंत चढला. पोरं अंगणात उभी राहून आपापल्या घरचा धूर ओळखू लागली.

वर घाटमाथ्यावर कुणीतरी ओरडलं. मग बरेच जण ओरडले. ते बातमीवाले दोन गडी वर पळाले, आणि या वेळी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. एकानं एका म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं, दुसऱ्यानं दोन पोरं खांद्यावर. सूर्य मावळायच्या आत सगळी वस्ती खाली उतरली. गावानं हलगी वाजवली. कुळथाचं माडगं, पिठलं, भाकऱ्यांच्या चवडी. पाहुणे जेवले आणि त्यांच्या पंगतीला गावही जेवलं, पोटभर, ऊन ऊन.

साळूला पाटलिणीनं तुपाची धार सोडून पेज दिली. तिनं म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, खा. साळूनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही खाल्ली, आणि तिसऱ्या सकाळी दूध उतरलं. दोन घोट पोटात जाताच बाळानं आपला हक्क सांगितला. इतक्या मोठ्यानं रडलं की गोठ्यातली म्हैस दावं तोडून उठली आणि पारावरची माणसं हसायला लागली. कुणीही खोकल्याचं सोंग केलं नाही.

पण युद्ध संपलं नव्हतं. त्याच संध्याकाळी व्यापारी आले आणि म्हातारीच्याच मुलखाची वाईट बातमी घेऊन आले. पाटलीण परातीपुढे बसली होती. तिचे हात पिठात थांबले. डोळे भरून आले, आणि तिनं अपराध्यासारखं म्हातारीकडे पाहिलं.

म्हातारीचेही डोळे वाहत होते. ती तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "रड की पोरी. रडू नको कुणी म्हटलंय? पर पीठ वाळू देऊ नको." दोघी रडल्या, आणि दोघींनी मिळून भाकऱ्या थापल्या.

तेव्हापासून गावाची नवी रीत पडली. बातमी ऐकायची ती संध्याकाळी, सगळ्यांनी मिळून, चुलीवर भांडं चढवल्यावर. बातमी वाईट असली की घरोघर एक भाकरी जास्त. ती खायला कुणी ना कुणी यायचंच. घाटाच्या वळणावरचे गडी तिथंच राहिले, पण आता त्यांच्याकडे पाण्याची घागर होती. रानावनातून येणारी माणसं एकमेकांना सांगू लागली की धुराचं एक गाव आहे, धूर दिसेपर्यंत चालत राहा. पाहुण्यांनी शेतातलं तण काढलं. कुंभाराचं चाक फिरलं. लांबलेलं लग्न लागलं, आणि वऱ्हाड दुप्पट झालं.

साळूच्या लेकीचं बारसंही झालं. आत्याचा मान साळूनं म्हातारीला दिला. म्हातारीनं बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगितलं, पारू. ते तिच्या नातीचं नाव होतं. ती नात कुठे आहे, हे त्या बातम्यांसाठी हपापलेल्या गावानं विचारलं नाही. साळूनं बाळ तिच्या मांडीवर दिलं आणि तिथंच राहू दिलं.

पुढे युद्धही थकलं. राजे आपापल्या राजवाड्यांत परतले, आणि पाहुणे आपापल्या जळक्या घरांकडे निघाले. निघायच्या पहाटे गावातल्या प्रत्येक चुलीपाशी एकेक पाहुणा येऊन उभा राहिला, हातात मडकं घेऊन. कुंभारानं ती मडकी आधीच घडवून ठेवली होती. घरोघरचा विस्तव त्यांत भरला, वर सुकी गोवरी ठेवली, आणि ती रांग हलगीच्या तालावर घाट चढू लागली. सगळ्यात पुढे म्हातारी होती, तिच्या त्याच काळ्या मडक्यासह.

पाटील त्यांना पोचवायला वरपर्यंत गेला. काही दिवसांनी पुन्हा एकदा मुद्दाम घाटमाथ्यावर चढला आणि पलीकडे बघत उभा राहिला. खूप लांब, ज्या बाजूनं इतके दिवस नुसत्या वाईट बातम्याच आल्या, त्या बाजूला धुराच्या रेघा दिसत होत्या. काळ्या लोटांचा धूर नव्हे. स्वयंपाकाचा, निळसर, सरळ वर जाणारा. पाटील तिथंच खाली बसला आणि मिशांवरून हात फिरवत मोठ्यानं हसला. मग गावाला ही बातमी सांगायला पळत घाट उतरला.

म्हणून बाळांनो आणि बाळांच्या आजीआजोबांनो, लांबच्या दुःखानं डोळे भरले तर भरू द्या, पण आपली चूल विझवू नका. तिच्यावर एक भाकरी जास्त टाका.