जैतूनबीचं हसण्याचं कर्ज

भाविकहो, निमखेडच्या वेशीबाहेर फकिरांच्या मुक्कामाचा जुना तकिया आहे, तिथे नूरशहा बाबा येऊन राहिले त्या वर्षीची ही गोष्ट. बाबांजवळ सामान ते काय, एक चटई, पाण्याचा बधना आणि एक लाकडी पेटी. शुक्रवारी ज्याला जे जमेल ते त्याने पेटीत टाकावं आणि गरजवंताने उचलावं. फेडताना घेतलं तेवढंच द्यायचं, वर एक दमडी नाही. या कर्जाला बाबा 'कर्जे हसना' म्हणत, म्हणजे चांगुलपणाचं कर्ज.

जैतूनबी पिंजारीण विधवा. तिचा नवरा सावकार गफूरशेठच्या व्याजापायी त्याच्याच वखारीत फुकट कापूस पिंजता पिंजता खोकून मेला. बाईने पेटीतून चाळीस रुपये उचलले आणि कापूस पिंजायची स्वतःची धनुकली घेतली. बाबांचा शब्द मात्र तिने भलताच ऐकला. हसना म्हणजे हसणं, असंच ती धरून चालली! दर महिन्याला हप्ता द्यायला यायची ती तोंडभर हसत. पोटात अन्न नसलं तरी बळेबळे दात काढून उभी राहायची.

एकदा बाबांनी विचारलं, तेव्हा म्हणाली, "तुम्हीच तर सांगितलंत बाबा, हसून फेडायचं."

बसलेली मंडळी फिदीफिदी हसली. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "बाई, इतकी वर्षं हा शब्द मी नुसता बोलत होतो. आजपासून ही पेटी हसून दिलेलाच पैसा घेईल."

गफूरशेठला हे कळलं आणि त्याला चघळायला विषय मिळाला. भर बाजारात तो तिला 'हसरी बेगम' म्हणून हाक मारू लागला. त्याचं दुखणं वेगळंच होतं हो, पेटी आल्यापासून वखारीत फुकट राबायला माणूस मिळेना.

पुढे जैतूनबी तापाने पडली. दोन हप्ते चुकले, नऊ रुपये राहिले. शेठ टपूनच बसला होता. शुक्रवारी नमाज झाल्यावर पंचांना घेऊन तो तकियात आला. "मुदत टळली आहे. हिचं कर्ज मी भरतो. आता ती माझी देणेकरी, धनुकली माझ्याकडे तारण, आणि व्याज माझ्या रिवाजाने."

पंचांनी माना डोलावल्या. न डोलावून सांगतात कोणाला, निम्मे त्याच्याच व्याजात बुडालेले!

जैतूनबी जमेल तेवढं द्यायला तिथे आलेलीच होती. अंगात अजून कणकण होती. पण वखारीतला तो खोकला आठवला आणि तिचं डोकं फिरलं. "माझ्या नवऱ्याची उभी हयात खाल्लीत शेठ. माझी मिळायची नाही. माझं कर्ज मी फेडीन, तुमच्या नऊ रुपयांवर मी थुंकते."

बाबा शांतपणे म्हणाले, "गफूर, पेटी घेत असेल तर टाक."

पेटीला ना कडी, ना कुलूप. शेठने झाकणाला हात घातला, ते हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, गुडघा टेकून जोर लावला, पार घामाघूम झाला.

"जरा हसून बघ," बाबा म्हणाले.

शेठने तोंड वासलं, गाल ताणले. आयुष्यभर लोकांना हसलेला माणूस, पण मनापासूनचं एक हसू काही त्याला जमेना.

त्याचं ते तोंड बघून जैतूनबीला हसू फुटलं. खरंखुरं, नवरा गेल्यानंतरचं पहिलंच. हसता हसताच ती पुढे झाली, पदराची गाठ सोडून आठ आणे काढले. "बाबा, हे आजचे. बाकीचे कामाला लागले की आणते." तिने एक बोट लावलं मात्र, झाकण अलगद उघडलं. सुभानल्ला!

शेठचा सगळा ताठा तिथेच उतरला. तो बाबांच्या पायांवर कोसळायला गेला, तसे बाबांनी पाय मागे घेतले. "डोकं टेकायचं ते अल्लाहपुढे. माफी मात्र हिची माग."

आणि भरल्या तकियात, सगळ्या पंचांसमोर, गफूरशेठ पिंजारणीपुढे हात जोडून वाकला. "चुकलो बाई. माफ कर."

जैतूनबीने त्याला तसाच क्षणभर वाकू दिला. मग म्हणाली, "उठा शेठ. गाद्या पिंजायच्या असतील तर कापूस घेऊन माझ्या दारात या. मजुरी रोख, आणि तुमचा नंबर लागेल तेव्हा."