बाभळीची काडी आणि राजवैद्य

देसाई सरकारांच्या बाजारात येसू बाभळीची दातवणं विकायला बसे. ती जागा थोरल्या भावाची, रायबाची. तो वारून महिनाही झाला नव्हता. राजवैद्य गंगाधरशास्त्र्यांना मात्र तिथंच आपल्या दंतमंजनाचं दुकान थाटायचं होतं.

"सरकार, रानातल्या काडीनं कुठं दात टिकतात? चाळीस वर्षं मी स्वतः माझं मंजन लावतोय. याला उठवा!"

येसू उसळला. "शास्त्रीबुवांनी माझी एक काडी वापरून दाखवावी. मी आपण होऊन उठतो."

सरकारांना कुतूहल वाटलं. "घ्या शास्त्रीबुवा, बघूया तरी."

दातवणाचं टोक आधी चावून त्याचा कुंचला करावा लागतो. शास्त्रीबुवांनी काडी या गालातून त्या गालात फिरवली, पण टोक होतं तसंच. शेवटी ते पुटपुटले, "कुणीतरी खलबत्ता आणा. टोक जरा ठेचून द्या."

"सरकार," येसू म्हणाला, "दादाची सत्तरीतली गिऱ्हाइकं अजून काडी स्वतः चावतात. मंजनाला नुसतं बोट पुरतं, म्हणून दात कधी गेले ते बुवांनाही कळलं नाही."

सरकारांनी एक काडी उचलली, दाढेखाली धरून कडकन चावली आणि म्हणाले, "जागा रायबाचीच राहील."