गाडग्यातली दोन अक्षरं

एका गावात एका शिंप्याची लेक होती. हुशार, पण मुलखाची संशयी. भाजीवाल्यानं चार मिरच्या वर घातल्या, तर ही म्हणायची, भाजी किडकी असणार.

त्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची रीत गमतीची होती. गुरुजी गाडग्यातून दोन इंग्रजी अक्षरं काढत आणि ती दोन्ही असलेला लांबात लांब शब्द मुलींनी शोधायचा. त्या वर्षी तालुक्याच्या मोठ्या शाळेत कोणाला पाठवायचं, तेही यावरच ठरणार होतं. सगळ्यांत लांब शब्द आणील ती जाणार. दोघींनी तोच आणला, तर दोघी जाणार. अक्षरं निघाली एक्स आणि वाय.

शिंप्याच्या लेकीला जायचंच होतं. नाहीतर जन्मभर काजं-बटणं करत बसावं लागेल, या विचारानंच तिला रडू येई. शाळेत शब्दकोश एकच, तोही पाळीनं मिळायचा. आपल्या पाळीला तिनं कशीबशी पानं चाळली आणि ‘ऑक्सिजन’ शोधला.

दुसऱ्या दिवशी शेजारची माळ्याची लेक तिला विहिरीवर भेटली. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाली, “एक्स्ट्राऑर्डिनरी लिही. मीही तोच लिहिणार आहे.”

झालं! शिंप्याच्या लेकीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हातचा शब्द कोणी असा फुकट देतं का? यात नक्कीच पाणी मुरतंय. हा तर दोन शब्द चिकटवून केलेला दिसतो. गुरुजी बाद करतील आणि ही ऐनवेळी भलताच शब्द काढील. माळ्याची लेक आणखी काही सांगू पाहत होती, पण ही घागर उचलून चालू लागली. मग तिनं नुसती पाळत ठेवली. मैत्रीण हसली तरी वाईट, गप्प बसली तरी वाईट. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते खोटं नाही.

परीक्षेच्या दिवशी शिंप्याच्या लेकीनं ‘ऑक्सिजन’ लिहिला. माळ्याच्या लेकीनं सांगितलेलाच शब्द लिहिला होता. गुरुजींनी शब्दकोश उघडून सगळ्यांना दाखवला. तिची निवड झाली.

पण शाळा सुटली तेव्हा ती पायरीवर बसून रडत होती. शिंप्याच्या लेकीला यातही काही डाव वाटला. जिंकलीस तर रडतेस कशाला, असं तिनं जरा तोऱ्यातच विचारलं.

“आमचे बाबा एकटीला परगावी पाठवणार नाहीत,” माळ्याची लेक म्हणाली. “तू सोबत असलीस तरच जा म्हणाले होते. तेच तर मी तुला विहिरीवर सांगत होते.”

त्या वर्षी गावातून कोणीच तालुक्याला गेलं नाही. ती जागा दुसऱ्या गावच्या मुलीला मिळाली.

तात्पर्य: डोळ्यांत तेल घालून जो नुसता दगाच शोधतो, त्याला दारी आलेलं भलं दिसत नाही, आणि त्याच्या संशयाची झळ दुसऱ्यालाही सोसावी लागते.