कोकराच्या अंगावरचं कातडं

पूर्वी प्रतिष्ठान नगरात एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी नगराबाहेरच्या माळावर मेंढपाळाच्या घरी जन्म घेतला होता. कळप लहान, घर त्याहून लहान. मोठे होऊन तेही मेंढरं राखू लागले. त्यांच्या बायकोचं नाव खेमा. त्यांची एकुलती लेक तापानं गेली होती, आणि तेव्हापासून त्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे.

एके दिवशी गावचा प्रमुख, ग्रामणी, एका पोरीचं बोट धरून आला. पोरीचं नाव सामा. बाप नव्हता. आई अंथरुणाला खिळलेली, नदीपलीकडे वैद्याच्या घरी.

"वहिनी, आई बरी होईस्तोवर हिला सांभाळाल का?" ग्रामणीनं विचारलं. "नाहीतर व्यापाऱ्यांचा तांडा निघालाय, ते न्यायला तयार आहेत. दासी म्हणून. मग आईला पोर पुन्हा दिसायची नाही."

खेमा म्हणाली, "म्हणजे लळा आम्ही लावायचा आणि न्यायचं दुसऱ्यानं. एकदा रडून झालंय, भाऊजी."

बोधिसत्त्व हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "तांडा निघेपर्यंत राहू दे. मग सांगतो," एवढंच म्हणाले.

त्याच सुमारास त्यांच्या एका मेंढीचं कोकरू मेलं होतं, आणि दुसऱ्या एका कोकराची आई लांडग्यानं नेली होती. मेंढी परक्या कोकराला पाजत नाही, ढुशी मारून हाकलते. म्हणून मेंढपाळ मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्याच्या पाठीवर बांधतात. तो वास घेऊन मेंढी पाजायला उभी राहते. बोधिसत्त्वांनीही तसंच केलं.

इकडे घरात खेमानं पेटारा उघडला. लेकीचा जपून ठेवलेला तांबडा परकर सामाला नेसवला. वेणीही लेकीसारखीच घातली. पोरगी मात्र भाकरीला शिवेना.

"घेऊन जा म्हणावं हिला," शेवटी खेमा चिडली. "आपल्याच्यानं व्हायचं नाही. दिसते आपल्या लेकीसारखी, पण घास खाईल तर शपथ!"

बोधिसत्त्व म्हणाले, "जरा मेंढवाड्यात चल. कोकरू धरायला कुणीतरी हवंय."

कातडं आता वास मारू लागलं होतं. बोधिसत्त्व सुरीनं त्याच्या दोऱ्या कापू लागले.

"काढू नका हो," खेमा घाबरून म्हणाली. "ओळखील ती. उपाशी मरेल लेकरू."

"ठेवलं तर किडे पडतील."

कातडं गळून पडलं. मेंढीनं उघड्या कोकराला हुंगलं आणि ती मागे सरली. कोकरू ओरडलं. मेंढी थांबली. मग हळूच पुढे आली आणि उभी राहिली. कोकरू शेपटी हलवत पिऊ लागलं.

"अजून फसलीय की काय?" खेमानं विचारलं.

"मेंढीला नाक असतं," बोधिसत्त्व म्हणाले. "ओळखूनच उभी आहे."

खेमा बराच वेळ तिथंच बसली. मग घरी जाऊन तिनं सामाचा स्वतःचा फाटका परकर धुतला, सांधला, तिला नेसवला आणि विचारलं, "तुझी आई भाकरी कशी द्यायची गं?"

"कुस्करून. ताकात." त्या घरातलं पोरीचं ते पहिलं बोलणं.

तांडा निघायच्या दिवशी ग्रामणी आला. खेमाच पुढे झाली. "राहू दे तिला, आई येईस्तोवर. आणि आईला निरोप धाडा, पोर जेवते म्हणून."

पुढं आई बरी होऊन आली. खेमानं सामाला तिच्या हाती दिलं आणि कुंपणाशी उभी राहून पोटभर रडली. संध्याकाळी डोळे पुसून नवऱ्याला म्हणाली, "ग्रामणींना सांगून ठेवा. असं आणखी कुणी आलं, तर आपलं दार उघडं आहे."

एवढं सांगून भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा ग्रामणी म्हणजे आजचा भिक्षू आनंद. खेमा म्हणजे बहिणीचं लेकरू, म्हणजे मला, पोटच्यासारखं वाढवणारी माता गौतमी. आणि तो मेंढपाळ मीच होतो."

मेंढी कोण होती, ते त्यांनी सांगितलं नाही. परक्या लेकराला त्याच्याच वासासकट जवळ घ्यावं, आणि वेळ आली की त्याच्या माणसाच्या हाती द्यावं. अशा निरपेक्ष मायेला मैत्री म्हणतात.